दोन वेद्यांचे छोटे चर्च: कोटोरचे चार दिवस

माँटेनिग्रोतल्या कोटोरला येणारा प्रवासी तटबंदी चढतो, गल्लीबोळातल्या मांजरांचे फोटो काढतो आणि दुपारी बोटीवर परततो. सेंट ल्यूकचे चर्च त्याच्या वाटेतच असते. दार उघडे दिसले म्हणून तो आत डोकावतो आणि दोन मिनिटांत बाहेर येतो. दोष त्याचाही नाही. चर्च इतके लहान आहे की काय बघायचे हे आधी ठाऊक नसेल तर हाती काहीच लागत नाही. इ.स. ११९५ पासून उभ्या असलेल्या या वास्तूसाठी दोन मिनिटे फारच कमी आहेत, म्हणून पुढचे चार दिवस तिच्याभोवती बेतले आहेत.

निघण्याआधी

आधी व्हिसाचे गणित सोडवा. माँटेनिग्रोत चलन युरो आहे, पण देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही आणि युरोपीय संघातही नाही. भारतीय पासपोर्टवर वैध शेंगेन, अमेरिकन किंवा ब्रिटिश व्हिसा असेल तर ३० दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. असे नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या. खरी फजिती होते ती परतताना. बरेच जण क्रोएशियातल्या डुब्रोवनिकला उतरून बसने कोटोर गाठतात. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे त्या बसने सीमा ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पुन्हा आत जायची सोय नाही. अर्ज भरतानाच मल्टिपल एंट्री मागावी. एकाच प्रवेशाच्या व्हिसावर हा बेत आखूच नये.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या तापतात आणि क्रूझ जहाजांची रीघ लागते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गर्दी नसते, पण पाऊस असतो, आणि तो आपल्या कोकणातल्या माणसालाही विचारात पाडेल असा. कोटोर ज्या आखाताच्या काठी आहे त्याच्या वरच्या डोंगरातले त्सर्क्वित्से हे गाव युरोपातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी आहे. आल्प्समधून आलेली गार हवा इथे नाही, तर दक्षिणेकडून येणारा दमट ‘युगो’ वारा थेट समुद्रातून उठलेल्या डोंगरांना धडकतो आणि सगळे पाणी तिथेच टाकतो. कारण तेच, आपल्या सह्याद्रीचे.

पहिला दिवस: पोहोचणे आणि बाहेरून पाहणे

सगळ्यात जवळचा विमानतळ तिवातचा, कोटोरपासून सुमारे ८ किलोमीटरवर. डुब्रोवनिककडून येणाऱ्या बसला क्रोएशियाची कारासोविची आणि माँटेनिग्रोची देबेली ब्रियेग अशा दोन चौक्या पार कराव्या लागतात. एरवी हे काम अर्ध्या तासाचे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र दोन-तीन तासही जातात, म्हणून त्या दिवशी पुढचे कोणतेही आरक्षण घड्याळ लावून करू नये. भाड्याची गाडी असेल तर कामेनारी ते लेपेताने ही फेरीबोट घ्या. व्हेरिगेच्या अरुंद सामुद्रधुनीत गाडीसकट पलीकडे जायला दहा मिनिटे पुरतात आणि आखाताला घालायचा मोठा वळसा वाचतो.

जुन्या शहरात गाड्यांना बंदी आहे. बसस्थानक दक्षिणेला, चालत पाच-दहा मिनिटांवर. चाकाची बॅग ओढता येते, पण गल्ल्यांतला चुनखडीचा दगड शतकानुशतके पायाखाली घासून गुळगुळीत झाला आहे आणि पावसात त्यावर पाय ठरत नाही. रबरी तळव्याचे बूट इथे चैन नाही, गरज आहे. मुक्काम तटाच्या आत रम्य वाटतो खरा, पण उन्हाळ्यात चौकांतले बार मध्यरात्रीनंतरही चालू असतात आणि अरुंद गल्लीतला आवाज थेट वरच्या मजल्यावर चढतो. उत्तरेच्या वेशीबाहेर, श्कुर्दा नदीपलीकडे किंवा दोब्रोता भागात खोली घेतली तर झोप होते आणि सकाळी पाच मिनिटांत आत येता येते.

एक सरकारी सोपस्कार बहुतेकांना माहीत नसतो. परदेशी पाहुण्याची नोंद पोहोचल्यापासून २४ तासांत व्हायला हवी. हॉटेल ती आपणहून करते. खासगी घरात राहिलात तर मालकाला स्पष्ट विचारा आणि पावती मागून घ्या. रोजचा एखाद युरो पर्यटन कर याच नोंदीबरोबर भरला जातो.

संध्याकाळी समुद्राकडच्या मुख्य दरवाजाने आत शिरा. हा दरवाजा १५५५ चा, व्हेनिसच्या अमदानीतला. व्हेनिसची सत्ता इथे १४२० ते १७९७ अशी पावणेचारशे वर्षे टिकली, आणि तटबंदीचे आजचे रूप बहुतांशी त्या काळचे आहे. कमानीवर २१ नोव्हेंबर १९४४ ही दुसऱ्या महायुद्धातल्या मुक्तीची तारीख कोरलेली आहे आणि सोबत युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचे वाक्य: दुसऱ्याचे आम्हाला नको, आमचे आम्ही देणार नाही. दरवाजातून आत आलो की शस्त्रांचा चौक. समोर १६०२ चा घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी गुन्हेगारांना बांधून उभे करायचा लज्जास्तंभ. कोटोरमध्ये चौकांची नावे बाजारावरून पडली आहेत: पिठाचा चौक, दुधाचा चौक, सॅलडचा चौक. गल्ल्यांपेक्षा चौक लक्षात ठेवले तर वाट चुकत नाही, आणि चुकली तरी शहर एवढेसे आहे की दहा मिनिटांत एखाद्या तटाला जाऊन भिडता.

चौकाच्या डाव्या टोकाने उत्तरेकडे सरकलात की सेंट ल्यूकचा चौक येतो. इथे नजर पहिल्यांदा जाते ती दोन मनोऱ्यांच्या भल्यामोठ्या सेंट निकोलस चर्चकडे. ते १९०९ चे, म्हणजे इथल्या हिशेबाने कालपरवाचे. त्याच्याच चौकात, कोपऱ्यात बसकी दगडी वास्तू दिसते, पश्चिम भिंतीच्या माथ्यावर घंटेची छोटी कमान आणि छपराच्या मध्यावर एकच घुमट. तेच सेंट ल्यूक, स्थानिक बोलीत स्वेती लुका.

पहिल्या दिवशी आत जायची घाई करू नका. पूर्वेला डोंगराचा सरळ कडा असल्याने सकाळी जुने शहर बराच वेळ सावलीत असते. ऊन पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर येते ते दुपारनंतर, आणि तिरप्या उन्हात कोरीव अक्षरे उठून दिसतात. या भिंतीवरचा लॅटिन शिलालेख हा चर्चचा जन्मदाखला आहे. सर्बियाचा महाझुपान, म्हणजे सर्वोच्च शासक, नेमान्या आणि त्याचा मुलगा, दुक्ल्या या इथल्या जुन्या राज्याचा राजा वुकान, यांच्या काळात माउरो कात्साफ्रांगी याने पत्नी बोनासह हे चर्च बांधले, असे तो सांगतो. इतक्या जुन्या छोट्या चर्चच्या बाबतीत बांधणाऱ्याचे नाव, बायकोचे नाव, राजाचे नाव आणि साल चारही एका जागी मिळणे ही चैनच म्हणायची. त्यातून एक मजेची गोष्ट कळते: राज्य ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेच्या ख्रिस्ती पंथातल्या नेमान्याचे, चर्च पश्चिमेच्या कॅथलिक पंथातल्या नागरिकाचे आणि लेखाची भाषा लॅटिन. पुढे जे घडले त्याची बीजे या दगडातच आहेत.

दुसरा दिवस: आत

क्रूझ जहाजे समुद्राकडच्या दरवाजासमोरच लागतात. साधारण नऊला प्रवासी उतरू लागतात आणि दुपारी चारच्या सुमारास गर्दी ओसरते. म्हणून चर्च उघडताक्षणी जाणे उत्तम. हंगामात ते बहुतेक दिवसभर उघडे असते, हिवाळ्यात केवळ उपासनेपुरते. वेळेची नोटीस दारावर लागते, ती आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवावी. प्रवेशाला तिकीट नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांनी टोपी काढावी. स्त्रियांनी डोके झाकलेच पाहिजे अशी सक्ती पाहुण्यांवर नसते. फोटोबद्दल आतल्या माणसाला खुणेने विचारा, आणि नाही म्हटले तर विषय संपवा.

दारातून आत पाऊल टाकले की आधी खाली बघा. फरशी थडग्यांच्या दगडांची आहे. कोटोरच्या नागरिकांचे दफन याच जमिनीखाली होत असे आणि ही प्रथा १९३० च्या दशकापर्यंत चालली. काही दगडांवरची अक्षरे पावलांनी पुसट झाली आहेत, भिंतीलगतची जास्त शाबूत आहेत, कारण तिथे कोणी चालत नाही. कोरलेल्या भागावर पाय न देता कडेने फिरता येते, आणि तसेच फिरावे. मृतांचा मान हे एक कारण. दुसरे कारण साधे आहे: चुनखडीचा दगड मऊ असतो आणि बुटाला चिकटलेली रेती त्यावर कानशीसारखी चालते.

आता मान वर करा. दालन एकच, तीन भागांत विभागलेले, मधल्या भागावर घुमट. आराखडा आणि दगडकाम पश्चिम युरोपातल्या मध्ययुगीन रोमनेस्क धाटणीचे आणि घुमट पूर्वेच्या बायझंटाइन वळणाचा. खिडक्या लहान आहेत, त्यामुळे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. दाराजवळ दोन मिनिटे नुसते थांबा. मग दक्षिणेच्या भिंतीवरचे चित्रांचे तुकडे दिसू लागतात. एके काळी भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या, त्यातले एवढेच उरले. टॉर्च मारू नका. प्रखर उजेडाने रंगांचे नुकसान होते ते आहेच, शिवाय सरळ मारलेल्या झोतात हे फिके रंग उलट आणखी फिके दिसतात. दारातून येणारा तिरपा उजेड पुरतो.

आणि आता त्या दोन वेद्या. एकाच छोट्या दालनात एक ऑर्थोडॉक्स वेदी आणि एक कॅथलिक वेदी. १०५४ मध्ये ख्रिस्ती जग पूर्व आणि पश्चिम असे फुटले, आणि त्यानंतर दोन्ही पंथांनी एकमेकांच्या वेदीपुढे प्रार्थना करणे जवळजवळ अशक्य झाले. कोटोरमध्ये ते शक्य झाले याचे कारण युद्ध. सतराव्या शतकाच्या मध्यावर व्हेनिस आणि ऑटोमन तुर्कांचे साम्राज्य यांच्यात क्रीट बेटासाठी लढाई जुंपली होती. १६५७ मध्ये ऑटोमन फौजेने कोटोरला वेढा घातला. आसपासच्या ग्रबाल्यसारख्या भागांतली ऑर्थोडॉक्स कुटुंबे तटाच्या आश्रयाला आली. तटावर लढायला माणसे हवी होती आणि या माणसांना प्रार्थनेला जागा हवी होती. व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनी सेंट ल्यूक त्यांना वापरायला दिले, पण कॅथलिकांचा हक्क काढून घेतला नाही. त्यांची वेदी जागेवर राहिली. पुढे फ्रेंच अमदानीपर्यंत, १८१२ पर्यंत, दोन्ही पंथांची उपासना या एका छपराखाली आळीपाळीने होत राहिली.

या गोष्टीला आज पर्यटनाच्या पत्रकांत सहिष्णुतेचा गोड मुलामा दिलेला असतो. आमच्या मते तो थोडा खरवडून पाहावा. व्हेनिसचे धोरण उदारतेपेक्षा हिशेबाचे होते. पण हिशेबातून सुरू झालेली व्यवस्था दीडशे वर्षे टिकली, ती टिकवणारे अधिकारी नव्हते, या गल्ल्यांतले शेजारी होते. शहर एवढे लहान की लग्नसंबंध दोन्हीकडे, व्यापार दोन्हीकडे, आणि दफनाची जमीनही हीच.

ऑर्थोडॉक्स वेदी थेट दिसत नाही. ती आयकॉनोस्टेसिस म्हणजे पवित्र चित्रांच्या लाकडी पडद्याआड असते. इथला पडदा दिमित्रिये दास्काल याने सतराव्या शतकात रंगवला. याच आखातातल्या रिसान गावी स्थिरावलेल्या चित्रकार घराण्याचा हा मूळ पुरुष. राफाइलोविच नावाने ओळखले जाणारे हे घराणे पुढे पिढ्यानपिढ्या बोका, म्हणजे कोटोरच्याच आखातातल्या चर्चेससाठी चित्रे काढत राहिले. पडदा वाचायची रीत सोपी आहे. मधोमध असतो तो राजद्वाराचा जोड. त्यातून फक्त धर्मगुरू जातो आणि पाहुण्याने तो ओलांडायचा नसतो, उघडा असला तरी. सर्वसाधारण मांडणीत आपल्या उजव्या हाताला ख्रिस्त, डाव्या हाताला बाळासह मेरी, आणि वरच्या ओळींत प्रेषित किंवा सणांचे प्रसंग. अक्षरांकडेही लक्ष द्या: बाहेरच्या भिंतीवर लॅटिन, इथे चित्रांवर सिरिलिक वळण. एका भिंतीच्या जाडीत दोन लिप्या.

सेंट ल्यूक हा परंपरेने चित्रकारांचा आणि वैद्यांचा आश्रयदाता. मेरीचे पहिले चित्र त्याने काढले अशी श्रद्धा आहे. त्याची खूण पंख असलेला बैल. पडद्यावर तो शोधून काढण्यात मुलांचाही वेळ छान जातो.

मेणबत्ती लावायची असेल तर दाराजवळच्या टेबलावर बारीक, पिवळ्या मधमेणाच्या मेणबत्त्या असतात. सुटी नाणी जवळ ठेवा, पन्नासच्या नोटेला इथे सुटे मिळत नाहीत. मेणबत्त्या लावायच्या पेटीला दोन थर असतात: वरचा जिवंतांसाठी, खालचा मृतांसाठी. पाहुण्यांची नेहमीची गफलत इथेच होते. आजारी आईसाठी लावलेली मेणबत्ती कोणी खालच्या थरात खोचतो आणि शेजारची आजीबाई काही न बोलता ती उचलून वर ठेवते.

बाजूला जोडलेले सेंट स्पिरिडॉनचे उपचर्च अठराव्या शतकातले. त्यातही एक वेगळा चित्रपडदा आहे. बरेच जण याला मुख्य चर्चचाच कोनाडा समजून सोडून देतात. चौथ्या शतकातल्या या सायप्रसच्या बिशपचे अवशेष कॉर्फू बेटावर आहेत, आणि कॉर्फूही व्हेनिसच्याच ताब्यात होते. खलाशांचे येणे-जाणे असलेल्या या बंदरात त्याचे उपचर्च असण्यात नवल नाही.

चर्चमधून निघायला अर्धा तास लागला तर बरोबर पाहिलेत असे समजा. पुढे लगेच समोरच्या सेंट निकोलसमध्ये जा. दोन्ही ऑर्थोडॉक्स, दोन्ही चौकात समोरासमोर, आणि मधे सात शतके. इथे उंची, उजेड आणि सोनेरी झगमगाट आहे. रविवारी सकाळी इथली गायनासह उपासना ऐकण्यासारखी असते. बसायला बाके नसतात, लोक उभेच असतात. मागे भिंतीलगत उभे राहावे आणि मधूनच निघायचे झाल्यास आवाज न करता निघावे. त्यात कोणाला काही वाटत नाही.

दुपारी सेंट ट्रिफॉनचे कॅथलिक कॅथेड्रल. इथे तिकीट आहे. ८०९ मध्ये संताचे अवशेष कोटोरला आले, आजच्या इमारतीचे पवित्रीकरण ११६६ मध्ये झाले. १६६७ च्या भूकंपात दर्शनी भाग पडला, मनोरे नंतर बरोक शैलीत नव्याने उभारले, आणि त्यातला डावीकडचा अपुराच राहिला. वेदीवरचे कोरीव छत्र आणि मागचा सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पत्रा चुकवू नका.

कॅथेड्रल पाहिल्यावर एक प्रश्न पडायला हवा. १५ एप्रिल १९७९ च्या सकाळच्या भूकंपाने या किनाऱ्यावर हाहाकार केला. तीव्रता ७ च्या जवळपास होती. कोटोरचे जुने शहर रिकामे करावे लागले. त्याच वर्षी युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत आणि धोक्यातल्या वारशाच्या यादीतही घातला, तो दुसऱ्या यादीतून २००३ मध्ये निघाला. कॅथेड्रलची दुरुस्ती वर्षानुवर्षे चालली. मग सेंट ल्यूक जवळजवळ धडधाकट कसे राहिले? त्याचे उत्तर आकारात आहे. भूकंपात इमारत हलते ती आपल्या वजनाच्या आणि उंचीच्या प्रमाणात. उंच मनोरा आणि लांब दालन वेगवेगळ्या तालात डोलतात आणि जिथे जोडलेले असतात तिथे तडकतात. सेंट ल्यूकला मनोराच नाही. दालन आखूड, भिंती जाड, कमानींचा पल्ला कमी, सगळी पेटी एकसंध हलते. थोडे नशीबही असेलच, पण बांधणीचा वाटा मोठा आहे.

शाकाहाऱ्यांसाठी एक उपयोगी शब्द: ‘पोस्नो’. ऑर्थोडॉक्स उपासाचे दिवस बुधवार, शुक्रवार आणि मोठ्या सणांआधीचे आठवडे. बेकरीत पोस्नो म्हटले की मांस, अंडी, दूध नसलेला पदार्थ मिळतो. मात्र काही उपासांत मासे चालतात, तेव्हा ‘बेझ रिबे’, म्हणजे माशांशिवाय, हेही जोडावे. पालकासारखी पालेभाजी बटाट्याबरोबर शिजवलेली ‘ब्लित्वा’ जवळपास प्रत्येक खानावळीत असते.

तिसरा दिवस: तटावरून, मग पाण्यावर

पहाटे तटबंदी चढा. एकूण लांबी साधारण साडेचार किलोमीटर, जागोजागी उंची २० मीटरपर्यंत, आणि डोंगरावरच्या सेंट जॉन किल्ल्यापर्यंत सुमारे १३५० पायऱ्या, २६० मीटरची चढण. सह्याद्रीतले गड करणाऱ्यांना ही चढाई अवघड नाही. अडचण उन्हाची आणि सुट्या खडीची आहे. तिकीट अलीकडे १५ युरोपर्यंत गेले आहे. सातच्या आत पायथ्याशी असलात तर वर जाईपर्यंत डोंगराची सावली साथ देते. माणशी एक लिटर पाणी घ्यावे. चढताना जितका त्रास होतो त्याहून जास्त उतरताना होतो, कारण घासलेल्या पायऱ्या बाहेरच्या बाजूला कललेल्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्यावरच्या चर्चपर्यंत जाऊन परत फिरा, काही बिघडत नाही. हे अर्ध्यावरचे चर्च म्हणजे आरोग्यमाता मेरी, १५१८ चे, प्लेगमधून वाचलेल्यांनी बांधलेले.

शहराचा नकाशा इथूनच समजतो. खाली त्रिकोणी शहर, एका बाजूला डोंगर, एका बाजूला आखात, उत्तरेला श्कुर्दा नदी आणि दक्षिणेच्या टोकाला गुर्दिचचा झरा. वेढा घालणाऱ्याला जमिनीवरून धड बाजूच सापडत नाही. दक्षिणेकडे कॅथेड्रलचे जोड मनोरे, उत्तरेकडे सेंट निकोलसचे गडद घुमट. त्या गडद घुमटांजवळ कौलांच्या गर्दीत सेंट ल्यूकचा चिमुकला घुमट शोधा. सापडायला वेळ लागतो, आणि १६५७ च्या वेढ्यात आत कोंडलेल्या लोकांनी एवढ्याशा जागेत आळीपाळी कशी लावली असेल याचा अंदाज इथून जास्त येतो.

दुपारी पेरास्त. अंतर सुमारे १२ किलोमीटर, रिसानकडे जाणारी स्थानिक बस तिथे सोडते. समोर दोन बेटे: सेंट जॉर्ज नैसर्गिक, आणि गोस्पा ओद श्क्रप्येला, म्हणजे खडकावरची मेरी, माणसांनी रचलेले. १४५२ मध्ये खलाशांना खडकावर मेरीचे चित्र सापडले अशी कथा आहे. त्यानंतर गावाने दगड टाकून आणि जुनी जहाजे बुडवून बेट वाढवले. दर २२ जुलैला होड्यांची माळ आजही दगड टाकायला जाते. काठावरून छोट्या होड्या सतत सुटतात. भाडे जाऊन-येऊन ठरवा आणि परत न्यायला कधी येणार तेही विचारून घ्या. बेटावरच्या चर्चमध्ये त्रिपो कोकोल्याने रंगवलेली ६८ चित्रे आहेत, आणि भिंतीवर वादळातून वाचलेल्या खलाशांनी वाहिलेले सुमारे अडीच हजार चांदीचे पत्रे. जवळ जाऊन एकेक पत्रा पाहिला तर जहाजांचे प्रकार ओळखता येतात. शिडे गुंडाळलेले, डोलकाठी मोडलेले, तोफा झाडणारे. संग्रहालयात यात्सिंता नावाच्या स्त्रीने २५ वर्षे विणलेले मेरीचे भरतकाम आहे. त्यात तिने स्वतःचे केस वापरले, आणि वय वाढत गेले तसे देवदूतांचे केस सोनेरीवरून पांढरे होत गेले असे सांगतात.

संध्याकाळी कोटोरला परतल्यावर जमल्यास सेंट ल्यूकमध्ये पुन्हा पाच मिनिटे जा, यावेळी काही न शोधता.

चौथा दिवस: निघताना

सकाळी वेळ असेल तर उत्तरेच्या वेशीजवळचे सेंट मेरीचे चर्च, १२२१ चे, आणि ग्रगुरिना वाड्यातले सागरी संग्रहालय यांपैकी एक निवडा. दोन्ही घाईत करण्यात अर्थ नाही. खलाशांच्या ‘बोकेल्स्का मोर्नारित्सा’ या बंधुसंघाचे पोशाख आणि शस्त्रे संग्रहालयात आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

तारखा हाताशी असतील तर दोन प्रसंग गाठण्यासारखे आहेत. ३ फेब्रुवारी हा सेंट ट्रिफॉनचा दिवस, त्या सुमारास खलाशांचा नाच कॅथेड्रलपुढे होतो. सेंट ल्यूकचा सण कॅथलिक पंचांगात १८ ऑक्टोबरला. ऑर्थोडॉक्स चर्च जुने ज्युलियन पंचांग धरते, ते १३ दिवस मागे आहे, म्हणून त्यांचा सण आपल्या कॅलेंडरवर ३१ ऑक्टोबरला येतो. दोन्हींच्या मधल्या दिवसांत कोटोरमध्ये असाल तर छत्री सोबत ठेवा.

डुब्रोवनिकला परतणारी बस रिसानमार्गे आखाताच्या कडेने जाणार असेल तर डाव्या खिडकीची जागा घ्या, पाणी सगळा वेळ त्याच बाजूला असते. पासपोर्ट वरच्या कप्प्यातल्या बॅगेत टाकू नका. चौकीवर तो दोनदा लागतो, आणि सगळी बस तुमची बॅग खाली येण्याची वाट पाहत बसते.